खांब पोहोचला, उजेडाचे काय?

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता मार्गासनीला आला की डाव्या हाताला साखर-गुंजवण्याचा फाटा फुटतो आणि राजगडाची वाट सुरू होते. सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटेपासून या फाट्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची वर्दळ असते. गड चढावा, बालेकिल्ल्यावर माथा टेकावा आणि अंधार पडण्यापूर्वी घराकडे निघावे, असा या मंडळींचा क्रम. श्रद्धा खरी, गडावरचे प्रेमही खरे. पण या क्रमात एक गोष्ट नजरेतून निसटते. ज्या मावळातील माणसांच्या बळावर स्वराज्य उभे राहिले, त्या मावळात सूर्यास्तानंतर काय होते, हे त्यांना कधी दिसत नाही.

रस्त्यालगतच्या गावांत खांब आहेत, तारा आहेत, दुकानांत दिवे लागतात. परंतु रस्ता सोडून डोंगराच्या उताराला लागावे, ओढ्यापलीकडची धनगरवस्ती गाठावी किंवा घाटमाथ्यावरील केळद, मोहरी, सिंगापूर या गावांची वाट धरावी, की विजेवरचा भरवसा पावलागणिक कमी होत जातो. पावसाळ्यात एखादे झाड तारेवर कोसळले किंवा रोहित्र जळाले, तर दुरुस्तीचे पथक आधी खालच्या मोठ्या गावांची कामे उरकणार आणि मग वर येणार. तोवरचा अंधार कधी तासांत मोजायचा, तर कधी दिवसांत. शासनाच्या दप्तरात मात्र ते घर ‘विद्युतीकृत’च असते. दप्तरातला उजेड आणि घरातला अंधार यांच्यातील हे अंतर हाच आज ग्रामीण विजेचा खरा प्रश्न आहे.

व्याख्येचा खेळ

‘विद्युतीकरण’ हा शब्द स्वातंत्र्यानंतर जितका मिरवला गेला, तितकाच तो फसवा राहिला. १९९७ पर्यंत महसुली गावाच्या हद्दीत कोठेही, कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली तरी ते गाव विद्युतीकृत मानले जाई. शिवारातल्या एका विहिरीवर एक मोटार बसली, की सारे गाव कागदावर उजळून निघे! पुढे वीज वस्तीत असली पाहिजे, अशी सुधारणा झाली. २००४ मध्ये आणखी एक व्याख्या आली. गावात रोहित्र व वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज असावी आणि किमान १० टक्के घरांत ती पोहोचलेली असावी. म्हणजे शंभरांपैकी नव्वद घरे रॉकेलच्या चिमणीवर असली, तरी विद्युतीकृत गावाचा सत्कार करण्यास कोणाची हरकत नव्हती!

या गणिताचा फोलपणा २०११ च्या जनगणनेने चव्हाट्यावर आणला. ग्रामीण महाराष्ट्रातील अवघ्या ७३.८ टक्के घरांत उजेडाचे मुख्य साधन वीज होते. उद्योगधंद्यांत देशात अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्याच्या खेड्यापाड्यांतील दर चार घरांपैकी एक घर विजेच्या उजेडाला मुकलेले होते. शासन गावे मोजत होते. घर आणि घरातला माणूस त्याच्या मोजणीत नव्हता.

त्यानंतर चित्र बदलले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २५ सप्टेंबर २०१७ रोजी, पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या जयंतीदिनी, ‘सौभाग्य’ योजना घोषित झाली आणि गावाऐवजी घर हे मोजणीचे एकक ठरले. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लायसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. सौभाग्य योजनेतून २ कोटी ८० लाखांहून अधिक घरांना जोडणी मिळाली. सात दशके जे रेंगाळले, ते काही वर्षांत झाले. या कामगिरीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण नेमके येथेच सावध होण्याची गरज आहे. आधीच्या राज्यकर्त्यांनी एका मोटारीवर गाव उजळल्याचे सांगितले, म्हणून त्यांना दोष द्यायचा आणि एका मीटरवर घर उजळल्याचे मानून आपल्या विचारांच्या मंडळींनी समाधानाचा सुस्कारा सोडायचा, हा न्याय नव्हे. दीनदयाळजींनी सांगितलेला अंत्योदय म्हणजे यादीतील शेवटच्या नावापुढे खूण करणे नव्हे. शेवटच्या माणसाच्या जीवनात प्रत्यक्ष उदय झाला की नाही, ही त्याची कसोटी आहे. जोडणी हे साधन आहे. तिन्हीसांजेला दिवा लागणे हे साध्य आहे. साधनाची मोजदाद करून साध्य गाठल्याचा आव आणणे ही आत्मवंचना आहे, मग सत्तेवर कोणीही असो.

मावळचे देणे

विजेच्या बाबतीत मावळ हा याचक नाही, उलट तो धनको आहे, याची आठवण शहरी महाराष्ट्राला वारंवार करून द्यावी लागते. वेल्ह्याच्या शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरीही धरण झाले. वाडवडिलांच्या भाताच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरले आणि त्यातून निर्माण झालेली वीज मुंबईला गेली. भोर तालुक्यातील भाटघर धरण १९२८ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडच्या उसाच्या पट्ट्याला मिळाले. पानशेत आणि वरसगाव यांनी अंबी व मोसे नद्यांची खोरी अडवली आणि पुण्याची तहान भागवली. आज भाटघरच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचे, तर पानशेत आणि वरसगाव येथे प्रत्येकी ८ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. एखाद्या घरातील दिवे, पंखा आणि दूरदर्शन संच यांना मिळून २०० वॉट लागतात असे धरले, तर पूर्ण क्षमतेने चाललेल्या ८ मेगावॉटमध्ये ४० हजार घरांची ही गरज भागू शकते. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या, घरे नव्हे तर माणसे, सुमारे ५४ हजार होती!

या देण्याची परतफेड कशी झाली? २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. २००६ मध्ये पुणे शहराने त्यातून स्वतःपुरता मार्ग शोधला. उद्योगांनी आपली जनित्रे चालवावीत, त्यातून वाचलेली वीज शहराला मिळावी आणि जादा खर्च महिना ३०० युनिटांहून अधिक वापर असणाऱ्या ग्राहकांनी सोसावा, अशी ती योजना होती. वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली आणि ‘पुणे प्रारूप’ म्हणून तिचे कौतुक झाले. पुणेकरांनी पैसे मोजले, कोणाची वीज चोरली नाही, हे खरेच. पण शहर उजळलेले असताना ज्या खोऱ्यांतून त्याचे पाणी येते, तेथे मात्र भारनियमनाचे वेळापत्रक चालूच होते. पैसे मोजू शकेल त्याला अखंड वीज आणि ज्याने जमीन दिली त्याला वेळापत्रक, हा त्या काळाचा धडा मावळाने विसरावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि घाट चढून मावळात आले. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. डोंगराळ मुलखात तारांचे जाळे किती नाजूक असते, हे त्या एका दिवसाने दाखवून दिले. अशा मुलखात उजेडाचा काही भाग घराच्या छतावरच निर्माण झाला पाहिजे, हा विचार येथूनच पुढे येतो. तो योग्य आहे. परंतु सौर ऊर्जेच्या नावाखाली जे घडत आले, तेही तपासून पाहिले पाहिजे.

छतावरचे मुके पत्रे

सौभाग्य योजनेतच दुर्गम घरांसाठी सौर संचाची तरतूद होती. २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. पण पॅनेल पंचवीस वर्षे टिकते आणि साधी शिसे-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. म्हणजे देखभालीची मुदत संपते, नेमकी तेव्हाच बॅटरी मान टाकते. २०१८-१९ मध्ये बसवलेल्या संचांची ही मुदत २०२३-२४ मध्येच सरली. त्यानंतर त्या घराने काय करायचे? बॅटरीत शुद्ध पाणी कधी घालायचे, हे घरच्या बाईला कोणी सांगितलेले नसते, नवी बॅटरी घेण्याची ऐपत नसते, आणि ठेकेदाराचा दूरध्वनी लागत नाही. पॅनेल छतावर चकाकत राहते, दिवा मात्र लागत नाही. दुरून पाहणाऱ्याला ते प्रगतीचे चिन्ह वाटते. घरच्यांसाठी तो नुसता मुका पत्रा उरतो.

त्यात मावळाचा पावसाळा. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही. राजस्थानच्या उन्हाचा हिशेब करून बनवलेला संच येथे तिसऱ्या दिवशी थकणारच. विंचू-सापाचे भय सर्वाधिक असते ते याच दिवसांत, आणि उजेडाची खरी निकडही याच दिवसांत. छत्रपती शिवरायांचे चिपळूणजवळच्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आधीच उधळू नका, तो पुरवून वापरा, एवढेच नव्हे तर रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल, याचीही काळजी घ्या, असा त्याचा आशय. इतक्या बारीकसारीक गोष्टींचा विचार करणारा राजा ज्या मातीने पाहिला, तेथे चार महिन्यांच्या पावसाचा हिशेब न करता सौर संच वाटले जावेत, यासारखा दैवदुर्विलास नाही.

जाळ्याला बांधलेला सूर्य

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पंतप्रधान सूर्यघर: मोफत वीज योजना’ सुरू झाली. एक कोटी घरांचे लक्ष्य, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे अनुदान. अनुदानासाठी भारतात बनलेल्याच पॅनेलची अट आहे, हे विशेष स्वागतार्ह. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार सौर पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर एकट्या चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. परावलंबनाची तेलाची बेडी तोडून पॅनेलची बेडी घालून घेणे म्हणजे स्वावलंबन नव्हे, हे या अटीमागचे शहाणपण आहे.

तरीही या योजनेचा लाभ मार्गासनीच्या वरच्या वस्तीला किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बॅटरी नसलेला, विजेच्या जाळ्याला जोडलेला सौर संच जाळ्यातील वीज गेली की आपोआप बंद पडतो. हा दोष नाही. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला उलट्या दिशेने येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ती आवश्यक सुरक्षा आहे. पण परिणाम असा, की भर दुपारी सूर्य तळपत असला तरी वेल्ह्याकडची तार तुटताच छतावरचा संच हात वर करतो. पुण्यातील गृहनिर्माण संस्थेत वीज क्वचित जाते, तेथे ही अडचण जाणवत नाही आणि वीजबिल मात्र घटते. डोंगरात जेथे वीज वारंवार जाते, तेथेच हा संच निरुपयोगी ठरतो! शिवाय महिना तीस-चाळीस युनिटे वापरणाऱ्या घराला तीनशे युनिटांच्या मोफत विजेचे काय अप्रूप? अनुदान मागाहून खात्यात जमा होते. आधी घालायचे पैसे आणायचे कोठून? राज्य शासनाने २०२५ मध्ये शंभर युनिटांहून कमी वापराच्या घरांसाठी पूरक अनुदान देऊ केले, ही योग्य दिशा आहे. पण अनुदान वाढले म्हणून तार तुटल्यावर दिवा लागणार नाही. त्यासाठी त्या घरात बॅटरीच हवी.

दोन सोयीस्कर युक्तिवाद

या मागणीला दोन बाजूंनी विरोध होतो. पहिला हिशेबनीसांचा. डोंगरातल्या मूठभर घरांसाठी एवढा खर्च परवडत नाही, त्यांना खाली आणून वसवावे, असे ते म्हणतात. धरणांच्या वेळीही मावळाला हेच सांगितले गेले होते. खाली आणलेल्यांचे पुढे काय होते, ते धरणग्रस्तांना विचारावे. घाटमाथ्यावरची वस्ती उठली की तेथील देवराई, पाणवठे आणि घाटवाटा पोरक्या होतात. राजगड-तोरण्याच्या परिसरात माणूस टिकला, म्हणून तो वारसा टिकला. नफातोट्याच्या वहीत हे लिहिता येत नाही, एवढ्याने ते शून्य ठरत नाही.

दुसरा युक्तिवाद शहरी पर्यावरणवाद्यांचा. खेड्यातील साधे जीवन विजेने बिघडवू नका, त्यांना एक सौर कंदील पुरे, असा त्याचा सूर. वातानुकूलित सभागृहात हे बोलणाऱ्यांनी स्वतःच्या घरात महिनाभर एका कंदिलावर राहून पाहावे! वेल्ह्याच्या गृहिणीलाही मिक्सर हवा, तरुणाला पिठाची गिरणी चालवायची आहे, मुलीला संगणक शिकायचा आहे. गरिबासाठी गरीब वीज, ही दयेच्या पांघरुणाखालची अवहेलना आहे. बांगलादेशात ४० लाखांहून अधिक घरांत सौर संच बसले. पण जाळ्यातील वीज येताच लोकांनी ते मोठ्या प्रमाणावर बाजूला सारले. लोकांना उजेडापलीकडेही वीज हवी असते, हा त्याचा सरळ अर्थ. म्हणून डोंगरातील घराला तारही हवी आणि छतावरचा बॅटरीसह सूर्यही हवा. दोहोंपैकी एक निवडा, असे पुण्याला कोणी सांगत नाही. मग वेल्ह्याला का सांगावे?

मार्ग आहे, इच्छा हवी

हे स्वप्नरंजन नाही. उत्तर पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या आदिवासी वस्तीत २०१२ मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेच्या पुढाकाराने सुमारे ९.४ किलोवॉटचा सामुदायिक सौर प्रकल्प उभा राहिला. चाळीसच्या आसपास घरे, प्रत्येक घराला मीटर, आणि देखभालीसाठी गावकऱ्यांच्याच न्यासाकडे जमा होणारे पैसे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे डोंगरातले गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. गाव आधीपासून एकदिलाने काम करणारे होते, म्हणून योजना रुजली. ज्या गावाला स्वतःचे घर सावरता येत नाही, त्याला कोणतीही योजना तारत नाही.

उलट धडाही महाराष्ट्रात आहे. मुळा-प्रवरा ही वीज वितरणाची सहकारी संस्था चार दशके चालली आणि प्रचंड थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ मध्ये तिचे वितरण महावितरणकडे गेले. वीज फुकट मिळावी, बिल कोणीतरी भरावे, ही वृत्ती सहकारालाही बुडवते. म्हणून मावळाचा हक्क ठणकावून सांगताना मावळाचे कर्तव्यही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दरमहा थोडे का होईना, पैसे गावाच्या निधीत जमा झाले पाहिजेत. पाच वर्षांनी बॅटरी बदलायची ती त्यातूनच.

मागण्या मोजक्या आहेत. विद्युतीकरणाचा हिशेब जोडण्यांत न मांडता उजेडाच्या तासांत मांडावा आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर दरमहा लावावा. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी चोवीस तास पुरवठ्याचे तत्त्व मान्य केलेच आहे. डोंगरी तालुक्यांत अनुदानित सौर संचासोबत बॅटरी आणि दोन्ही प्रकारे चालणारा इन्व्हर्टर अनिवार्य करावा. संचाची क्षमता पावसाळ्याच्या हिशेबाने ठरवावी. आणि प्रत्येक खोऱ्यात त्याच खोऱ्यातला एक तरुण देखभालीसाठी तयार करावा. ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणाची केंद्रीय योजना २०१५ पासून आहे, तिच्यातून वेल्ह्याचे किती तरुण तयार झाले, हे लोकप्रतिनिधींनी सांगावे.

कार्यकर्त्यांसाठीही येथे काम आहे. सेवाकार्य म्हणजे केवळ वह्या आणि ब्लँकेटचे वाटप नव्हे. एका रविवारी गड चढण्याऐवजी एका वस्तीत उतरावे, किती छतांवरचे पत्रे मुके झाले आहेत ते मोजावे, बॅटरीत पाणी कसे घालायचे ते घरोघरी दाखवावे आणि तक्रार अर्ज लिहून तो निकाली निघेपर्यंत पाठपुरावा करावा. पुण्यातील अभियंते, वीजक्षेत्रातील निवृत्त अधिकारी यांच्या अनुभवाला याहून चांगला उपयोग कोणता?

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. स्वराज्याची दोन दशकांहून अधिक काळ राजधानी असलेल्या गडाचे नाव तालुक्याला लाभणे अभिमानास्पदच आहे. पण नाव हे ऋणाची पोच असते. फेड अजून व्हायची आहे. मार्गासनीच्या फाट्यावरून संध्याकाळी परतणाऱ्या प्रत्येक गाडीने एकदा मागे वळून डोंगराच्या उताराकडे पाहावे. तेथे जितके दिवे लागलेले दिसतील, तितकेच विद्युतीकरण झाले असे समजावे.